हाक : पोलादपूर

कुसुम,

तू गेल्यापासून हे आठ-दहा दिवस तुझ्या घरी भेटायला येणारी माणसं तुझ्याविषयी काय बोलतात ते ऐकलं असतंस, तर तोंडात पदर कोंबून आत पळाली असतीस. "फार शांत बाई." "कधी आवाज चढला नाही त्यांचा." काल तुमच्या कॉलनीतले एक रिटायर झालेले केमिस्ट तर म्हणाले, "त्या घरात आहेत हे कळायचंसुद्धा नाही." मी खुर्चीत बसून मान हलवत होते आणि आतून मला असं उकळत होतं की उठावं, त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावा आणि म्हणावं, अहो, तुम्हाला ती म्हातारपणी भेटली. तुमचा दोष नाही. पण ही बाई ओरडली होती तेव्हा माझगावच्या रस्त्यावर व्हिक्टोरियाचा घोडा बिचकला होता! तिच्या आवाजाची तबकडी निघाली होती. मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलांत ती वाजत होती, आणि टाईट पँट घातलेली पोरं तिच्या हाकेवर गुडघे वाकवून ट्विस्ट करत होती!

नाही बोलले. त्यांना कळलं नसतं. तुलाच सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण हे बोलायला आता माझ्याजवळ दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी महाडची, कोर्टातल्या बेलिफाची मुलगी. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या डोंगरात तुमच्या वाडीवर आले तेव्हा मला साधी चूल पेटवता येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी पाण्याचा हंडा घेऊन पाणवठ्यावरून येत होते आणि वरून तुझी हाक आली. तू नाचणीच्या शेतात उंच माचावर बसून माकडं हाकत होतीस. हाक कसली, खाली घशात कुठेतरी घरघर सुरू झाली, मग ती वर चढली, मध्येच फुटली आणि "हुर्रर्र याऽऽऽ हो!" करून समोरच्या डोंगरावर जाऊन आपटली. माझा हंडा तिथेच खाली आदळला. सासूबाई म्हणाल्या, "ती आमची कुशी हाय. माकडांवर वराडतेय. तुझ्यावर नाय."

पुढे तुझा दादा मुंबईला गोदीत लागला आणि मी माझगावच्या चाळीत राहायला गेले. तिथं माझं पहिलं मूल जन्मलं आणि दुसऱ्याच दिवशी गेलं. मुलगी होती. हे मी कधी लिहिलेलं नाही, बोललेही फारसं नाही. मी गप्प झाले. स्वयंपाक करायची, वाढायची, धुणं वाळत घालायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. तुझा दादा बिचारा घाबरला आणि त्यानं वाडीवर निरोप पाठवला. महिन्याभरात तू एस.टी.नं मुंबईत दाखल झालीस. डोक्यावर नाचणीचं गाठोडं, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालीस, "वयनी, मी तुझ्याकडं रवायला आलेय. तू बोलू नको. मी बोलते."

आणि बोललीसच. सकाळपासून सुरू. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न मोडलं, एस.टी.त कोण ओकलं. मी ऐकायची. उत्तर द्यायची नाही. तुला त्याचं काही वाटायचं नाही.

मग तो पापडांचा दिवस! तू पापड लाटलेस, चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेस आणि कावळे आले. मुंबईचे कावळे हातानं हाकलून जात नाहीत. तू दोनदा "हाड, हाड" केलंस. मग कंबरेला पदर खोचलास, गच्चीच्या कठड्याशी उभी राहिलीस आणि वाडीवरची हाक दिलीस. अख्खी. खालपासून वरपर्यंत.

अगं, काय झालं म्हणून सांगू! कावळे तर गेलेच, समोरच्या इमारतीची कबुतरंही उठली. खाली घोडा बिचकला, गाडीवान शिव्या द्यायला लागला. चारी मजल्यांवरची माणसं गॅलरीत धावली. कोणाला वाटलं, बाई पडली. आणि आपल्या खालच्या मजल्यावर गिटार वाजवणारा तो सायमन जिने चढून धापा टाकत गच्चीवर आला. हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचा, गोव्याचा. गळ्यात गिटार तशीच लटकत होती.

"कोण ओरडला? बोला ना, कोण ओरडला?"

तू माझ्या पाठीमागे लपलीस. तुला वाटलं, भांडायला आलाय. "पुन्यांदा नाय वराडणार," म्हणालीस.

"नाय नाय! पुन्हा ओरड! बाय, मला हाच पायजे!"

त्याच्या बँडनं एक गमतीचं गाणं बसवलं होतं. मराठी बोल आणि चाल मात्र रॉक अँड रोलची. झाडावर चढलेल्या माकडाला एक पोरगी खाली बोलावते आणि माकड उतरायच्या ऐवजी फांदीवरच नाचायला लागतं, असं ते गाणं. 'उतर माकडा, उतर खाली, तुझ्या शेपटीला लय आली.' एका कंपनीनं छोटी तबकडी काढायचं कबूल केलं होतं, पण साहेब म्हणाले होते की गाणं बरं आहे, त्यात धमाल नाही. ती धमाल आमच्या गच्चीवर पापड राखत उभी होती!

तुझ्या दादाला पटवायला सायमनला रविवारची अख्खी दुपार लागली. शेवटी दादा हो म्हणाला, पण नाव छापायचं नाही या बोलीवर. वाडीवर बाबांना काय सांगायचं? आणि तू म्हणालीस, "माझी पन एक अट हाय. वयनी बरोबर यायला पायजे. तिच्याबिगर मी नाय जायची." मी कित्येक महिन्यांत चाळीचा जिना उतरले नव्हते. मला यायचं नव्हतं. तू माझी वेणी घातलीस, मला चपला घातल्यास आणि हात धरून फोर्टात नेलंस.

तो स्टुडिओ आठवतो? सगळ्या भिंतींना गोधड्या लावल्यासारख्या. तू भिंतीला हात लावून म्हणालीस, "वयनी, ह्यांना थंडी वाजते काय?" काचेमागे कानाला यंत्र लावून बसलेले साहेब. पहिल्यांदा तू हाक दिलीस तशी त्यांनी कानावरचं यंत्र काढून फेकलं. "बाईंना मागे घ्या." मागे घेतलं. "अजून मागे." अजून मागे. शेवटी तुला दाराबाहेर जिन्याजवळ उभं केलं आणि दार किलकिलं ठेवलं! मायक्रोफोन आत, तू बाहेर, मी तुझ्या शेजारी. जिन्यावरून एक शिपाई फायली घेऊन चालला होता, तो दुसऱ्या हाकेला खाली बसला.

पण हाक जमेना. मोठी यायची, खरी यायची नाही. सायमन घामाघूम. "कुसूम, काय झाला? गच्चीवर केला तसा कर!"

"माकड दिसल्याबिगर हाक कशी येईल?" तू म्हणालीस. "मी काय भिंतीवर वराडू?"

तेव्हा त्यांचा तो जाडा ढोलवाला उठला. टाय लावलेला, बूट चकचकीत. तो दाराच्या फटीसमोर स्टुलावर चढला, एका हातानं बरगडी खाजवायला लागला, दुसऱ्या हातानं टाय शेपटीसारखा वर धरला आणि तुझ्याकडे बघून दात विचकले.

तू दिलीस हाक! अशी दिलीस की स्टूल डगमगलं. खरंच. तो जाडा घाबरून खाली आला, गाणं चालूच राहिलं, गिटार चालूच राहिली, आणि कुणीतरी हसायला लागलं. मोठ्यानं. थांबेचना. मला कळायला वेळ लागला की ती मी आहे.

मी भिंतीला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू माझ्या पाठीवर हात फिरवत होतीस. आतून सायमन ओरडला, "ठेवा! हसणं ठेवा! कापायचा नाय!"

म्हणून तबकडीच्या शेवटी ते हसणं आहे. त्यावरून आपण जन्मभर भांडलो. लोक विचारायचे, "हाक तुमची, मग हसतं कोण?" आणि तू पटकन सांगायचीस, "मीच." मला राग यायचा. एक हसणं माझं होतं, तेही घेतलंस! "माझं हसणं आहे ते," मी म्हणायची. "नाय, माझंच हाय," तू म्हणायचीस, भाजी चिरता चिरता, वर न बघता. किती वर्षांनी माझ्या लक्षात आलं की पहिल्यांदा तू ते सासूबाईंसमोर म्हणालीस. मूल जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि सून फोर्टात जाऊन खदाखदा हसते, हे त्यांना कसं सांगायचं? तू ते हसणं स्वतःच्या अंगावर घेतलंस. नंतर सासूबाई गेल्या, काळ गेला, पण तू सोडलं नाहीस. मग तर निव्वळ मला चिडवायला. तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. भांडणाच्या मध्ये आभार कसे मानणार?

तबकडी निघाली. नाव छापायचं नाही तर काय छापायचं, असं कंपनीच्या माणसानं विचारलं होतं तेव्हा सायमननं त्याला सांगितलं, "पोलादपूर लिव." त्यामुळे तबकडीच्या मधल्या तांबड्या कागदावर छापून आलं : 'सायमन आणि पार्टी. हाक : पोलादपूर.'

आणि ती चालली गं! आपण दोघी कोपऱ्यावरच्या इराण्यासमोरून मुद्दाम जायचो. आत ती लागलेली असायची. पोरं चहा सोडून हाकेची वाट बघत बसायची आणि हाक आली की सगळी एकदम "याऽऽ हो!" करायची. तू माझा दंड इतका घट्ट धरायचीस की वळ उठायचे. "वयनी, माझ्या माकडांवर वराडतायत गो सगळे!" मी बोलायला लागले होते. मी म्हणाले, "आत जाऊन सांगूया का?" तू लाजून पळालीस, आणि मी तुझ्यामागे पळाले, भर रस्त्यात, साडी सावरत.

तिकडे पोलादपुरात त्या कागदानं नुसती खळबळ उडवली. एका गावाचं नाव छापलं म्हटल्यावर सगळ्या वाड्या भांडायला उठल्या. बाजाराच्या दिवशी माणसं एकमेकांना हाका देऊन दाखवायची. "ही आमच्या वाडीची हाक हाय." "तुमच्या वाडीला हाक कुठली, तुमच्याकडं माकडं पन येत नायत." हे सगळं तुझा दादा मुंबईला येणाऱ्या माणसांकडून ऐकायचा आणि कपाळाला हात लावायचा. बाबांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी तबकडी ऐकलीही नव्हती.

मग मे महिन्यात तुझ्या चुलतबहिणीचं लग्न आलं. आपण सगळे गेलो. दादानं एस.टी.त बजावलं होतं, "एक अक्षर बोलायचं नाय." मांडव आंब्याखाली, महाडहून लाऊडस्पीकर मागवलेला, कर्णा फांदीला बांधलेला, आणि खाली फळीवर यंत्र मांडून बसलेला तो वसंता. केसाला तेल, मानेला रुमाल. जेवणाची पंगत बसली होती. मांडवामागच्या झाडांवर माकडं खरकट्याची वाट बघत बसली होती. बाबा मठ्ठा वाढत होते. पोरांनी वसंताला गराडा घातला, "ती लाव रे, माकडाची लाव!" आणि त्यानं लावली.

तुझी हाक कर्ण्यातून बाहेर पडली आणि मांडवामागची माकडं पटापट उड्या टाकत रान गाठायला लागली! पंगत हसून लोळायला आली. माणसं पत्रावळीवरून उठून बघायला लागली. फक्त बाबा हसत नव्हते. मठ्ठ्याचं भांडं हातात धरून ते कर्ण्याकडे बघत उभे होते.

गाणं संपलं. बाबा म्हणाले, "परत लाव रे ती."

तू माझा हात धरलास.

वसंतानं सुई परत ठेवली. हाक आली. बाबांनी भांडं खाली ठेवलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि खालच्या पट्टीत, लांब, जाड आवाजात उलट हाक दिली. वाडीवर तू वरच्या माचावरून हाक द्यायचीस आणि ते खालच्या खाचरातून अशीच उलटी हाक द्यायचे, पोरगी वर ठीक आहे, बाप खाली ठीक आहे, एवढंच कळायला. तीच हाक. भर लग्नात. तबकडीला.

मला वाटलं, आता संपलं. भावकीतले एक आजोबा काठी आपटत म्हणाले, "तरी म्हटलं हाक वळखीची हाय! पोरीचा आवाज मुंबईत विकलास होय रे?"

बाबा त्यांच्याकडे वळले. "इकला नाय. माझी पोर मुंबईस्नं वराडली तरी हितं ऐकू येते. तुमच्या पोरींची हाक बांधापलीकडं तरी जाते काय?"

मग ते वसंताकडे गेले. "नाव नाय का रे हिच्यावर?"

"नाय काका. पोलादपूर लिवलंय नुसतं."

"पोलादपूर कशाला वराडंल? कुसूम लिव. माझी पोर हाय ती."

आणि वसंतानं खिशातलं पेन काढून तांबड्या कागदावर, सगळ्यांसमोर, 'कुसूम' लिहिलं. तू तिथेच रडायला लागलीस आणि हसायलाही लागलीस. बाबा परत मठ्ठा वाढायला गेले. त्यावर ते पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. पण त्या पंगतीत त्यांनी सगळ्यांना इतका मठ्ठा वाढला की पत्रावळीवरून वाहत गेला.

लाऊडस्पीकर लावण्यासारखं काही नसतानाही वसंता त्या उन्हाळ्यात आपल्या वाडीवर किती वेळा आला! एकदा म्हणे वायर विसरली, एकदा म्हणे फांदीला बांधलेली दोरी विसरली. सासूबाई म्हणाल्या, "ह्याला एकदाचं काय पायजे ते देऊन टाका." दिलं. तू महाडला नांदायला आलीस, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर. तालुक्यातल्या प्रत्येक लग्नात ती तबकडी वाजली. वाजून वाजून झिजली, ऐन हाकेच्या जागी सुई घसरायला लागली, तेव्हा वसंतानं तुलाच बरोबर न्यायला सुरुवात केली. मांडवामागे पदर खोचून माइकसमोर तू उभी, आणि तबकडी घसरली की तू जिवंत हाक द्यायचीस! सावित्रीच्या काठापासून घाटापर्यंत किती नवऱ्यामुली त्या हाकेला दचकल्या असतील!

आणि आता आपलं न संपलेलं भांडण. सायमन महाडला आला होता, एवढ्या उन्हात कोट घालून, गिटार घेऊन एस.टी.नं. स्टँडवर पोरं त्याच्यामागे लागली होती. मीही तेव्हा माझ्या लेकीला घेऊन माहेरी आले होते, दुसरी, जगलेली. त्यानं तुझ्यासाठी नवं गाणं केलं होतं. नुसती हाक नाही, अख्खं गाणं, तुझं नाव मोठ्या अक्षरांत. नणंद-भावजयीच्या भांडणाचं रॉक अँड रोल! 'वयनी गो वयनी, लाटणं ठेव खाली, नणंद आली नाचत, पोळी करपून गेली.' तुला ऐकता ऐकता पाठ झालं. वसंता तर ऐकूनच नाचायला लागला. म्हणाला, "जा गो, मी येतो संगती." आणि तू नाही म्हणालीस.

मी किती भांडले तुझ्याशी! सायमन ओसरीवर चहा पितोय आणि मी आत तुला दटावते आहे. "कोणाला मिळतं हे? भितेस कोणाला?"

"भीत नाय."

"मग?"

तू पोळी उलटत म्हणालीस, "तवा तुला घराभाईर काढायची होती, म्हणून गेले. आता तू आपल्या पायानं भाईर पडतेस. आता मी कशाला जाऊ?"

मी म्हणाले, खोटं बोलू नकोस, माझ्यावर ढकलू नकोस. तू खांदे उडवलेस. सायमन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. पुढे तो कुठल्याशा जहाजावरच्या बँडमध्ये लागला आणि तिकडचाच झाला. मी कितीदा विचारलं, खरं कारण सांग. तू दर वेळी तेच सांगितलंस. मला आजही पटत नाही. गाणं तुला आवडलं होतं. सायमन गेल्यावर तू स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस, कणकेच्या हातानं मला पाटावर बसवलंस आणि ते अख्खं गाणं मला गाऊन दाखवलंस, परातीवर ठेका धरून, भांडखोर नणंदेसारखी मान वेळावत. एकदाच. इतकं फक्कड गायलीस की मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्याची तबकडी निघाली नाही, आणि तुझ्या तोंडून ते मी सोडून कोणी ऐकलं नाही.

आज सकाळी तुझा मुलगा मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला वीर स्टेशनवर गेला होता. घरात मी आणि तुझी सून, मनीषा. ती पोळ्या करत होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "मामी, सगळे त्यांना शांत म्हणतात. मला कधी वाटल्या नाहीत तशा. तुम्ही सांगा ना काहीतरी."

मी परात ओढली, कुसुम. या वयात, या आवाजात. ठेका चुकला, सूर तर मला कधी नव्हताच. पण मी ते गाणं म्हटलं, सुरुवातीपासून, मान वेळावून. मनीषाच्या हातात लाटणं तसंच राहिलं आणि तव्यावरची पोळी जळाली. मधलं एक कडवं मी पार विसरले होते. तिथं मी माझ्या मनाचं घातलं. त्यात भावजय जिंकते.

नसेल पटत तर ये भांडायला.